पेठेतला वाडा राखायचा असेल तर: आधी कागद, मग पाणी, मग चुना

पुण्याच्या पेठांमधले कितीतरी वाडे १२ जुलै १९६१ च्या पानशेत पुरात गेले. पूर न येताही वाडा जातो, आणि त्याची सुरुवात बहुधा ठरलेली असते. छपरातून किंवा वरच्या मजल्यावरच्या मोरीतून पाणी भिंतीत मुरते, तुळईचे टोक कुजते, महापालिकेची धोकादायक इमारतीची नोटीस येते आणि तिला द्यायला हातात एकही कागद नसतो. म्हणून पुढची कामे दिली आहेत त्याच क्रमाने करावीत. गिलाव्याचा मिस्त्री बोलावण्याची वेळ बरीच नंतर येते.

वाड्याचे दप्तर

पहिला कागद मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड. नगर भूमापन क्रमांक माहीत असेल तर तिची डिजिटल स्वाक्षरीची प्रत भूमी अभिलेख विभागाच्या संकेतस्थळावर मिळते. मात्र तिच्यावर थांबू नका. नगर भूमापन कार्यालयात ‘चौकशी नोंदवही’चा उतारा मागा. पहिल्या मोजणीच्या वेळी जागा कोणाच्या ताब्यात होती आणि त्याने कोणता पुरावा दाखवला, याची नोंद तिच्यात असते. मिळकत पत्रिकेत न दिसणारी जुनी नावे अनेकदा इथे सापडतात. सोबत सिटी सर्व्हेच्या नकाशाची प्रत घ्या. शेजारच्या वाड्याशी सामाईक भिंत नेमकी कोणाच्या हद्दीत येते, हे दुरुस्तीच्या वेळी लागतेच.

दुय्यम निबंधक कार्यालयातून सूची क्रमांक २ चे, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्तांच्या गोषवाऱ्याचे, उतारे काढा. खरेदीखत, गहाणखत, वाटपपत्र यांतल्या चतुःसीमा आणि वर्णन नीट वाचा. ‘तीन खणी दुघई सोपा, मागे विहीर, पूर्वेस बोळ’ अशा एका ओळीवरून वाड्याचा मूळ आराखडा उभा राहतो. दोन खांबांमधला गाळा म्हणजे खण, आणि समोरून मागे जाताना खांबांच्या रांगांनी पडणारा एकेक पट्टा म्हणजे घई. आज चार खण दिसत असतील आणि १९०५ च्या खतात तीन लिहिले असतील, तर चौथा नंतरचा. दुरुस्तीत आणि परवानगीतही हा फरक कामाला येतो.

घरपट्टीचे जुने उतारे आणि पूर्वीच्या बांधकाम परवानग्या महापालिकेत असतात. सरळ मागून मिळाल्या नाहीत तर माहिती अधिकारात १० रुपयांचे शुल्क भरून अर्ज करा. अर्जात ‘फाइलची माहिती द्यावी’ असे मोघम लिहिले की उत्तरही मोघम येते. मिळकत क्रमांक, पेठ, सिटी सर्व्हे नंबर आणि हवा असलेला कालखंड लिहा, आणि फाइल प्रत्यक्ष पाहण्याचीही मागणी करा.

त्यामागचा काळ मोडीत आहे. पुणे पुराभिलेखागारात पेशवे दप्तराचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. त्यासाठीची इमारत १८९१ ची. तिथे घराण्याचे नाव, पेठ आणि अंदाजे काळ घेऊन जावे लागते. ‘आमच्या वाड्याचे काही आहे का’ या प्रश्नाला उत्तर मिळत नाही. पेठांची जुनी नावे टिपून न्या: रविवार पेठ कागदात मलकापूर असते, शनिवार मुर्तजाबाद, शुक्रवार विसापूर. मोडी येत नसेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. १९१० साली स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात असे जाणकार भेटतात.

तारखांचे गणित स्वतः येत असलेले बरे. इसवी सन काढायला शके असेल तर ७८ मिळवा, पौषाच्या सुमारापासून पुढच्या तिथींना ७९. मराठेशाहीच्या कागदांतला शुहूर सन मृग नक्षत्रापासून मृगापर्यंत चालतो, म्हणून त्यात ५९९ किंवा ६०० मिळवायचे. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ म्हणजे एक, सत्तर, शंभर, हजार. ११७१, म्हणजे इसवी सन १७७०-७१. फसलीत, म्हणजे महसुली सनात, ५९० किंवा ५९१. शुहूर आणि फसली यांची गल्लत झाली की वाडा नऊ वर्षे इकडेतिकडे सरकतो, आणि वारसा यादीचे काम पाहणाऱ्या समितीसमोर अशी एक चूक सापडली की बाकीच्या नोंदींवरही शंका घेतली जाते.

भिंत काय सांगते

घराण्यात सांगितले जाणारे वय आणि इमारतीचे वय यांत अंतर असते. १८७९ च्या आगीत बुधवार वाडा जळून गेला आणि विश्रामबाग वाड्याचेही मोठे नुकसान झाले. खाजगी वाडेही वेळोवेळी जळले, पडले आणि जुन्या जोत्यावर पुन्हा उभे राहिले. म्हणून दगडी जोते, तळमजल्याचा सांगाडा, वरचा मजला आणि छप्पर यांचे वय वेगवेगळे धरून तपासा.

मंगलोरी कौल उलटून पाहा. पाठीवर कारखान्याचा शिक्का असतो. ही कौले १८६५ नंतरची, त्यामुळे पेशवाईतल्या वाड्यावर ती दिसली तर छप्पर नंतर बदलले आहे. लोखंडी गर्डरवर ‘टाटा’ असे उठावाचे अक्षर असेल तर तो १९१२ च्या आधीचा असू शकत नाही. हाताने घडवलेला चौकोनी खिळा जुना, गोल तारेचा खिळा नंतरचा. पातळ, चपट्या विटा चुन्यात बसवलेल्या असतील तर काम जुने. नऊ इंच लांबीची जाड वीट इंग्रजी अमदानीतली किंवा त्यानंतरची. वरच्या मजल्याच्या भिंती पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या, म्हणजे न भाजलेल्या विटांच्या, असू शकतात. तिथे गिलावा खरवडून पाहायचा मोह आवरा. तळहाताएवढा एकच तुकडा कोपऱ्यात, दाराआड उघडा.

सुरूच्या आकाराचे खांब आणि कमळाचे तळखडे हे पेशवाईचे लक्षण मानतात. ते बरोबरच आहे, पण खांब हलवून दुसरीकडे बसवता येतो. खांबाच्या डोक्यावरचा हस्त आणि वरची तुळई यांचा सांधा एकसंध आहे की मध्ये पाचर मारून भरला आहे, ते टॉर्च तिरका धरून पाहा. भरलेला सांधा दिसला तर खांबावरून तारीख सांगू नका.

मोजमाप

नोंद नसलेला वाडा पडला की तो पूर्वी कसा होता हे सिद्ध करता येत नाही. त्यामुळे कुठलीही दुरुस्ती करण्याआधी मोजणी हवी.

चौकाला केंद्र मानून प्रत्येक खोलीला क्रमांक द्या. खांबांना रांगेने अक्षर आणि आकडा द्या: क१, क२, ख१. पारदर्शक नळीत पाणी भरून सगळ्या खोल्यांत एकाच पातळीची खूण करा, आणि जमीन, उंबरा, तुळईचा तळ या खुणेपासून मोजा. चारही भिंती मोजून भागत नाही. वाड्याची खोली क्वचितच काटकोनात असते, म्हणून दोन्ही कर्ण मोजायचे. खोल्यांचे नकाशे १:५० ला, दिंडी दरवाजा, महिरप, देवघराची मेघडंबरी असे तपशील १:२० ला काढा. भिंतीची जाडी प्रत्येक दाराशी वेगळी मोजा. तळमजल्यावर तीन फूट आणि माडीवर जेमतेम फूटभर, हा फरक नकाशात दिसलाच पाहिजे. फोटोत पट्टी ठेवा आणि फाइलच्या नावात खोलीचा क्रमांक व दिशा घाला. लाकडावर ऑइलपेंटने आकडे लिहू नयेत. पितळी चुकेने टिनाची छोटी पट्टी लावली की पुरते.

भेगांवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून तारीख लिहा. काच तडकली तर भिंत अजून हलते आहे. ही नजर निदान एक पावसाळा ठेवावी. उन्हाळ्यात शांत दिसणारी भेग ऑगस्टमध्ये काच फोडते, कारण पाया भिजल्यावरच तो खचतो.

पाणी कुठून येते

छपराची झडती मे महिन्याच्या मध्यापर्यंत संपवा. फुटकी कौले बदलताना नवी कौले जुन्या मापाची आहेत का ते आधी एक बसवून पाहा. मंगलोरी कौलांच्या रिफांमधले, म्हणजे कौलांखालच्या लाकडी पट्ट्यांमधले, अंतर साधारण ३२ सेंमी असते. दोन कारखान्यांची कौले एका ओळीत घातली तर खाचा जुळत नाहीत आणि वाऱ्याच्या पावसात पाणी आत येते. शंभराला आठ-दहा कौले जादा आणून माळ्यावर ठेवा. कौलांखाली प्लास्टिकचा कागद अंथरून गळती थांबवण्याची युक्ती टाळा. आत साचणारा दमटपणा बाहेर जात नाही आणि रिफा दोन-तीन वर्षांत काळ्या पडतात.

खरे दुखणे पुष्कळदा छपरात नसतेच. वाडे बिऱ्हाडांत वाटले गेले तेव्हा माडीवर, लाकडी कडीपाटावर (कड्या म्हणजे तुळईवरची आडवी लाकडे, त्यांवर फळ्या), मोऱ्या आणि संडास बांधले गेले. त्या मोरीखालची तुळई सगळ्यात आधी तपासा. पेचकस लाकडात बोटभर शिरला, हातोडीने ठोकल्यावर भद्द आवाज आला, किंवा ओलावामापकाने २० टक्क्यांच्या वर दाखवले तर तिथे बुरशी आहेच असे धरा. शक्य असेल तर ओली कामे एकावर एक, बाहेरच्या भिंतीलगत एकाच पट्ट्यात आणा आणि पाइप भिंतीच्या बाहेरून, दिसतील असे न्या.

चौकातली मोरी तुंबलेली असते किंवा रस्त्याची पातळी वर आल्यामुळे उलटी वाहते. बादलीभर पाणी ओतून ते किती वेळात जाते ते पाहा. चौकात सिमेंटवर घट्ट शहाबादी फरशी बसवली असेल तर जमिनीतली ओल वर यायला भिंतीचाच रस्ता उरतो. मग जोत्यावर कमरेपर्यंत पांढरी खारी फुटते. तिथे भिंतीला काहीही लावण्याआधी भिंतीलगतची फूटभर फरशी उचलून खडीची चर द्या आणि तिचा उतार मोरीकडे ठेवा.

वजन

माडीच्या जमिनीवर प्रत्येक पिढीने थर चढवलेला असतो: माती, चुना, कोबा, वर फरशी. एक इंच काँक्रीटचे वजन दर चौरस मीटरला साधारण ६० किलो. दहा बाय दहाच्या खोलीत तीन इंचांचा कोबा टाकला म्हणजे दीड टनाहून जास्त बोजा कड्यांवर आला. कडी वाकल्यावर ती सपाट दिसावी म्हणून पुन्हा कोबा, आणि त्या बोज्याने ती आणखी वाकते. अनेक ‘कमकुवत’ जमिनी नुसता वरचा कोबा काढल्यावर सावरतात. काढताना ब्रेकर मशीन वापरू नका, छिन्नीनेच काढा. मशीनच्या हादऱ्याने खालच्या खोलीतला गिलावा आणि शेजारच्याची भिंतही सुटते.

लाकूड

तुळईचे भिंतीतले टोक कुजले म्हणून अख्खी तुळई बदलायची गरज नसते. आधी टेकू द्या. टेकू खालच्या मजल्याच्या जमिनीवर उभा करून चालत नाही, तो प्रत्येक मजल्यातून थेट जमिनीपर्यंत गेला पाहिजे, खाली फळी आणि पाचर. कुजलेला भाग आणि त्यापुढचे फूटभर निरोगी लाकूड कापून तिरकस सांध्याने नवा तुकडा जोडा. सांध्याची लांबी तुळईच्या उंचीच्या तिप्पट तरी हवी, बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. बोल्टचा व्यास आणि संख्या अभियंत्याने काढून द्यावी. टोकाखाली दगडी पाट ठेवा आणि बाजूंनी पाऊण इंच हवा खेळती ठेवा. चुन्याने किंवा सिमेंटने टोक गच्च बुजवले की तोच प्रकार पुन्हा होतो.

जुने सागवान भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये मिळते, तेही पाडलेल्या वाड्यांचेच. वाळवीसाठी लाकडाला बोरॅक्स व बोरिक अॅसिडचे द्रावण द्या. ते कोरड्या, आत झाकलेल्या लाकडातच टिकते, पावसात भिजणाऱ्या भागातून धुऊन जाते. आणि वाडा आतून पोकळ झाला आहे असे सांगणारा माणूस तेच सागवान विकत घेणार असेल, तर दुसऱ्याचे मत घ्या.

चुना

जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा पहिली चार वर्षे छान दिसतो. आत शिरलेले पाणी त्याला ओलांडून बाहेर पडू शकत नाही, क्षार गिलाव्यामागे साठतात, आणि विटेचा पापुद्रा सुटून भुगा होतो. मऊ विटेला तिच्याहून मऊ मसाला हवा, म्हणजे झीज मसाल्याची होते आणि वीट वाचते.

कळीचा चुना टाकीतल्या पाण्यात हळूहळू सोडायचा. चुन्यावर पाणी ओतू नये, तो उसळतो. डोळ्यांवर चष्मा आणि हातात रबरी मोजे हवेतच. उकळी बसली की बारीक जाळीतून गाळून पाण्याखाली किमान १५ दिवस, जमल्यास महिनाभर ठेवा. न फुटलेला कण गिलाव्यात राहिला तर तो महिन्यांनी फुगतो आणि टिकलीएवढे खड्डे पडतात. सांध्यांसाठी एक भाग चुना, तीन भाग धुतलेली चरचरीत वाळू. ओलीच्या जागी एक भाग चुना, एक भाग विटांची सुरखी, दोन भाग वाळू. चुन्यात घालायच्या गूळ, हिरडा, बेलफळ यांची प्रमाणे प्रत्येक मिस्त्रीची निराळी असतात. कोणाचे बरोबर यावर वाद घालण्यापेक्षा दोन-तीन मिश्रणांचे फूटभर नमुने लावा आणि तीन आठवड्यांनी नखाने खरवडून पाहा.

जुना सांधा इंचभर खोल मोकळा करा, झाडा, भिजवा, मग भरा. गिलाव्याचा एक थर ८ ते १० मिमी, एकूण इंचाच्या आत. दोन थरांमध्ये आठवडा जाऊ द्या आणि ओले पोते लावून १०-१४ दिवस भिजवा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा हंगाम चांगला. एप्रिलच्या उन्हात थर वरून वाळतो आणि आत कच्चा राहतो. वर प्लास्टिक पेंट लावला तर सगळी मेहनत वाया. पातळ चुन्याचे तीन-चार हात द्या. भेंड्यांच्या भिंतीला मात्र माती, भुसा आणि शेणाचाच गिलावा धरतो.

नोटीस आली तर

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६४ खाली धोकादायक बांधकामाची नोटीस निघते. कलम २६५-अ नुसार ३० वर्षांवरच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षणही करून घ्यावे लागते. अहवालात इमारतीला वर्ग मिळतो: सी-१ म्हणजे रिकामी करून पाडणे, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्ती, सी-२बी म्हणजे न हलता दुरुस्ती, सी-३ किरकोळ काम. एका अक्षरावर वाड्याचे भवितव्य ठरते, तेव्हा अभियंता कोण आहे हे महत्त्वाचे. रिबाउंड हॅमर आणि अल्ट्रासॉनिक चाचणी काँक्रीटसाठी आहेत. लाकडी सांगाडा आणि चुन्याच्या भिंतीवर त्या करून काढलेला निष्कर्ष आव्हान देण्याजोगा असतो. लाकडाची ठोकून, टोचून आणि ओलावा मोजून केलेली खांबवार तपासणी अहवालात मागा, तुमच्या क१, ख१ क्रमांकांसकट. नोटिशीच्या मुदतीतच लेखी उत्तर द्या, टेकू दिल्याचे तारखेचे फोटो जोडा आणि आवक क्रमांकाची पोच घ्या.

भाडेकरू असतील तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे कलम १४ दोन्ही बाजूंनी वाचावे. दुरुस्ती मालकाची जबाबदारी आहे. १५ दिवसांची नोटीस देऊनही त्याने रास्त वेळेत ती केली नाही तर भाडेकरू स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, पण वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. पन्नास-शंभर रुपये भाड्याच्या खोलीत ही तरतूद तुळईपर्यंत पोचत नाही. त्यामुळे खर्चाची वाटणी लेखी करारानेच ठरवावी आणि त्यात प्रत्येकाचे सध्याचे क्षेत्रफळ नोंदवावे.

वारसा यादी

महापालिकेच्या हेरिटेज सेलकडे वाडा यादीत आहे का, कोणत्या श्रेणीत आहे, याचे लेखी उत्तर मागा. श्रेणी १ मध्ये मजबुतीकरणापलीकडे जवळजवळ हात लावता येत नाही. श्रेणी २ मध्ये आतले बदल आणि नवा वापर वारसा जतन समितीच्या सल्ल्याने होऊ शकतो. श्रेणी ३ मध्ये मोकळीक जास्त. यादीत नसेल आणि घालायचा असेल तर वर जमवलेले दप्तर, मोजणीचे नकाशे आणि वाड्याचे महत्त्व सांगणारे दोन पानांचे निवेदन द्या: काय जुने, काय नंतरचे, पेठेच्या घडणीत त्याचे स्थान काय. ‘आमचा वाडा अडीचशे वर्षांचा’ या वाक्यापेक्षा १९०५ चे खत आणि खांबाच्या सांध्याचा फोटो जास्त काम करतो.

यादीत गेलेल्या वाड्याचा चटईक्षेत्राचा, म्हणजे बांधकामाचा, जो हक्क वापरता येत नाही, त्याबदल्यात हस्तांतरणीय विकास हक्क (टीडीआर) मागता येतो. सगळ्या हिस्सेदारांची संमती आधी घ्या. यादीवरून भांडण जुंपले की दुरुस्ती थांबते आणि पाऊस काही थांबत नाही.

दोन रेषा तपासायच्या राहतात. एक रस्तारुंदीची: विकास आराखड्यातली आणि महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २१० खालची. दर्शनी ओसरी तिच्यात जात असेल तर तिथे खर्च करण्याआधी लेखी अभिप्राय घ्या. दुसरी शनिवारवाडा, पाताळेश्वर यांसारख्या केंद्र संरक्षित स्मारकांपासूनची. पहिले १०० मीटर प्रतिबंधित, पुढचे २०० मीटर नियंत्रित. प्रतिबंधित पट्ट्यात नवे बांधकाम नाही, पण १६ जून १९९२ पूर्वीपासून उभ्या असलेल्या इमारतीच्या दुरुस्तीसाठी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. वाडा त्या तारखेआधीचा आहे हे दाखवायला घरपट्टीचा जुना उतारा उपयोगी पडतो, म्हणून त्याच्या चार प्रती साक्षांकित करून ठेवा.